इंग्रजी पक्के, स्पेलिंग कच्चे

महाविद्यालयीन वर्गांतून एका विशिष्ट प्रकारचा विद्यार्थी वारंवार आढळतो आणि त्याच्याविषयी शिक्षक, परीक्षक व पालक या तिघांचाही अभिप्राय सारखाच घाईने बनलेला असतो. हा विद्यार्थी इंग्रजी दैनिकातील अग्रलेख समजून वाचतो. केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालातील उतारा दिल्यास त्याचा सारांश नेमका सांगतो. चर्चासत्रात प्रश्न विचारताना अडखळत नाही. परंतु हातात लेखणी आली की ‘गव्हर्न्मेंट’मधील पहिला एन गळून पडतो, ‘कमिटी’तील दोन एमपैकी एक नाहीसा होतो, ‘सेपरेट’च्या मध्यावर एच्या जागी ई येऊन बसते आणि ‘प्रिन्सिपल’ हा शब्द मुद्दल या अर्थी हवा असताना तत्त्व या अर्थीचा लिहिला जातो. उत्तरपत्रिका तपासणारा दुसऱ्या पानावर कंटाळतो आणि ‘इंग्रजी कच्चे’ असा शेरा मनाशी मारून मोकळा होतो. वस्तुतः कच्चे असते ते स्पेलिंग. इंग्रजी भाषा आणि इंग्रजी वर्णलेखन या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. पहिली आली की दुसरी आपोआप येते हा समज इंग्रजांच्या स्वतःच्या मुलांबाबतही खरा ठरलेला नाही.

अशा विद्यार्थ्याला सल्ला मिळतो तो दोनच प्रकारचा. पहिला, ‘वाचन वाढवा’. दुसरा, ‘चुकलेला शब्द दहा वेळा लिहा’. दोन्ही सल्ले सद्‌हेतूने दिले जातात आणि दोन्ही बहुतांशी निष्फळ ठरतात. सराईत वाचक शब्दातील प्रत्येक अक्षर निरखत बसत नाही. ओळखीचा शब्द तो एका दृष्टिक्षेपातच ओळखतो. म्हणजे वाचनाचा वेग जसजसा वाढतो तसतसे अक्षरांकडे लक्ष कमीच होत जाते. ज्याला स्पेलिंग आधीच बरे येते त्याचे वाचनाने पक्के होते, ज्याला येत नाही त्याने शंभर पुस्तके वाचली तरी ‘अकॉमोडेशन’मध्ये सी किती आणि एम किती हे त्याच्या ध्यानी राहत नाही. दहा वेळा लिहिण्याबद्दल तर न बोललेलेच बरे. चौथ्या ओळीपासून हात लिहीत असतो आणि मन अन्यत्र असते. पुष्कळदा तिसऱ्या ओळीत शिरलेली चूक दहाव्या ओळीपर्यंत इमानाने उतरवली जाते.

या चुकांची किंमत किती, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अंगानेही पाहण्याजोगा आहे. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात नोकरीच्या बाजारातील ‘संकेतां’चा विचार मांडला, २००१ साली त्यास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला त्यामागे हे काम होते. उमेदवाराची खरी कुवत मालकाला दिसत नाही, म्हणून तो दिसणाऱ्या खुणांवरून अनुमान बांधतो, असे त्याचे सांगणे. स्पेलिंग ही अशीच एक खूण आहे. उत्तरातील युक्तिवाद बरोबर की चूक हे ठरवण्यास परीक्षकाला पाच मिनिटे विचार करावा लागतो. स्पेलिंगची चूक मात्र पाहताक्षणी डोळ्यांत भरते आणि ती पाहण्यास काहीच श्रम पडत नाहीत. परंतु स्पेन्सच्या विवेचनात एक अट आहे: संकेत मिळवण्याचा खर्च कर्तबगाराला कमी आणि अकर्तबगाराला जास्त पडत असेल, तरच तो संकेत विश्वासार्ह. स्पेलिंगच्या बाबतीत हा खर्च कर्तबगारीवर ठरत नाही. ज्या घरात इंग्रजी पुस्तके आहेत, आईवडील चूक तिथल्या तिथे दाखवतात, त्या घरातील साधारण बुद्धीच्या मुलालाही तो स्वस्त पडतो. ज्या घरात यातले काही नाही तेथील हुशार मुलालाही तो महाग पडतो.

नंदुरबार जिल्ह्याचा विचार करताना हा मुद्दा अधिकच धारदार होतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा सहा तालुक्यांचा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास. त्याच वेळी राज्याची साक्षरता ८२ टक्के होती. धडगावकडील मुलगा घरी पावरी बोलतो, नवापूरकडील मावची, सपाटीवरील गावांतून अहिराणी अथवा गुजरी. शाळेत त्याची गाठ प्रमाण मराठीशी पडते, मग हिंदीशी, आणि या सर्वांच्या जोडीला इंग्रजी. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यामुळे आज पदवीच्या वर्गात बसलेल्या मुलाच्या पाठीशी इंग्रजीची बारा-तेरा वर्षे आहेत. तरीही त्या वर्षांत स्पेलिंग ‘शिकवले’ गेले असे म्हणणे धाडसाचे होईल. ते पाठ करून घेतले गेले, विचारले गेले आणि चुकल्याबद्दल छडीही बसली. इतके झाल्यावर हा मुलगा विद्यापीठाची पदवी घेऊन संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेस बसतो, तेव्हा त्याच्यापुढे ३०० गुणांची इंग्रजीची अनिवार्य प्रश्नपत्रिका येते. तिचे गुण गुणवत्तायादीत धरले जात नाहीत. पण किमान २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीच्या प्रश्नपत्रिकांतील गुणही मोजले जात नाहीत.

स्पेलिंगला इतके महत्त्व द्यावेच का, असा प्रश्न येथे कोणी विचारील आणि तो गैरलागू नाही. स्वतः इंग्रजीभाषकांनीच तो अनेकदा विचारला आहे. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंगे सरकारी छापखान्याने वापरावीत असा हुकूम काढला. काँग्रेसने व वृत्तपत्रांनी त्याची इतकी टर उडवली की तो मागे घ्यावा लागला. १९५० साली निवर्तलेल्या बर्नार्ड शॉने नव्या वर्णमालेसाठी मृत्युपत्रात पैसे ठेवले; त्या लिपीत त्याचे एक नाटक १९६२ मध्ये छापलेही गेले आणि विषय तेथेच संपला. टंकलेखन यंत्राच्या कळांची एकोणिसाव्या शतकात ठरलेली मांडणी आज संगणकावर आणि भ्रमणध्वनीवरही टिकून आहे, आणि पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने १९८५ मध्ये तिची कारणमीमांसा करताना दाखवले की सर्वांनी एकदा स्वीकारलेली रीत गैरसोयीची असली तरी एकट्यादुकट्याला ती सोडणे परवडत नाही. इंग्रजी स्पेलिंगचे तसेच आहे. ते चलनी नाण्यासारखे आहे. त्याचा धातू कोणता यापेक्षा ते बाजारात चालते हे महत्त्वाचे. नंदुरबारच्या विद्यार्थ्याने सुधारणेची वाट पाहत बसणे हा त्याच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार होय.

तेव्हा स्पेलिंग शिकावे लागणार हे उघड आहे. प्रश्न उरतो तो कसे शिकावे याचा, आणि या ठिकाणी मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची बाजू समजतात तितकी लंगडी नाही.

मराठी जशी बोलावी तशी लिहावी आणि इंग्रजी मात्र लहरी, अशी एक समजूत शाळेपासून रूढ आहे. ‘चुपके चुपके’ या १९७५ च्या चित्रपटात धर्मेंद्रने ‘डू’ आणि ‘गो’ यांच्या उच्चारांवरून उडवलेली भंबेरी आजही लोक हसून सांगतात. गंमत म्हणून ती ठीक आहे. अध्यापनाचे तत्त्व म्हणून घातक आहे. मराठीतही ‘कवि’ बोलला काय आणि ‘कवी’ बोलला काय, कानाला फारसा फरक कळत नाही. लिहिताना मात्र नियम पाळावा लागतो. ‘चमचा’मधील च आणि ‘चहा’मधील च यांचे उच्चार भिन्न, अक्षर एकच. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली स्वीकारले जाईपर्यंत ‘नांव’, ‘पांच’, ‘कोठें’ असे उच्चारात नसलेले अनुस्वार मराठी मुले मुकाट्याने देतच होती. ‘नाइट’मधील मूक के पाहून हसणाऱ्यांच्या आजोबांनी हे अनुस्वार पाठ केले होते.

खानदेशातील मुलाने तर याहून पुढची मजल मारलेली असते. अहिराणीत डोळा हा ‘डोया’ होतो, पाणी हे ‘पानी’ होते. घरी एक बोलायचे आणि वहीत दुसरे लिहायचे, ही शिस्त या मुलाने वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी आत्मसात केली. पावरी किंवा मावची बोलणाऱ्याने तर लिहिण्यासाठी दुसरी भाषाच पत्करली. उच्चार आणि लेखन यांच्यात अंतर असते, आणि ते अंतर नियमाने ओलांडता येते, हा धडा पुण्या-मुंबईच्या प्रमाणभाषक मुलापेक्षा नंदुरबारच्या मुलाला आधी मिळालेला आहे. परंतु इंग्रजीच्या तासाला या अनुभवाचा कोणी उल्लेख करीत नाही. तेथे त्याची बोली ही अडचण म्हणूनच मोजली जाते.

इंग्रजी स्पेलिंग वाटते तितके अराजकी नाही हेही सांगितले पाहिजे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॉल हॅना व त्यांचे सहकारी यांनी १९६६ मध्ये १७,००० शब्दांची संगणकाच्या साहाय्याने छाननी केली. ध्वनी व त्याचे शब्दातील स्थान एवढ्याच नियमांवरून सुमारे निम्म्या शब्दांचे स्पेलिंग बिनचूक निघाले, आणि आणखी सुमारे ३७ टक्के शब्दांत केवळ एका ध्वनीची चूक झाली. उरलेला जो भाग लहरी भासतो त्याची कारणे इतिहासात आहेत. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला, तेव्हापासून लेखन स्थिर होऊ लागले; नेमक्या त्याच काळात, पंधराव्या ते सतराव्या शतकांत, इंग्रजीचे दीर्घ स्वर जागा बदलत होते. अक्षरे गोठली आणि उच्चार पुढे निघून गेले. ‘नाइट’मधला के, ‘लाइट’मधले जी-एच ही एकेकाळी उच्चारली जाणारी अक्षरे होत. त्यात विद्वानांनी भर घातली. लॅटिनशी नाते दाखवावे म्हणून ‘डेट’ म्हणजे ऋण या शब्दात बी घुसडला गेला. ‘आयलंड’मध्ये एस आला तो तर चुकीच्या व्युत्पत्तीपायी. पांडित्याचा हा सोस मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये.

परंतु विद्वानांनी घुसडलेला तो बीसुद्धा शिकणाऱ्याच्या उपयोगी पडतो. ‘डेट’मधील बी ऐकू येत नाही, ‘डेबिट’मधील येतो. जमाखर्च शिकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला डेबिट ठाऊक आहे. दोन्ही शब्द एकाच कुळातले, हे एकदा सांगितले की पाठांतराची गरजच राहत नाही. ‘साइन’मधील मुका जी ‘सिग्नेचर’मध्ये बोलू लागतो, ‘कॉलम’मधील मुका एन ‘कॉलम्निस्ट’मध्ये. ‘ग्रॅमर’च्या शेवटी ए-आर की ई-आर, ही शंका ‘ग्रॅमॅटिकल’ म्हणताच फिटते. ‘डेफिनिट’च्या पोटात ‘फायनाइट’ हा आख्खा शब्द बसलेला आहे, तेव्हा तेथे ए येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘सेपरेट’ आणि ‘प्रिपेअर’ ही एकाच लॅटिन धातूची लेकरे; म्हणून दोहोंत पी-ए-आर. इंग्रजी लेखन उच्चाराशी अप्रामाणिक असेल, पण शब्दांच्या गोतावळ्याशी ते पुष्कळच प्रामाणिक आहे. एकेक शब्द सुटा पाठ करणे म्हणजे एका कुटुंबातील दहा माणसांची नावे आडनावाशिवाय पाठ करण्यासारखे आहे.

उच्चार, सज्जन, उल्लेख

जोडाक्षरांच्या, म्हणजे दुहेरी अक्षरांच्या चुका या सर्वांत अधिक आणि सर्वांत हट्टी. ‘अकॉमोडेशन’, ‘कमिशन’, ‘कमिटी’, ‘रेकमेंड’, ‘अप्रोप्रिएट’, ‘डिसअपॉइंट’ यांत कोणते अक्षर एकेरी आणि कोणते दुहेरी हे कानाने कळत नाही, कारण इंग्रजीत दुहेरी लिहिलेले व्यंजन दुहेरी उच्चारले जात नाही. मराठी कान ‘सत्ता’ आणि ‘सता’ यांत भेद करतो. तो भेद इंग्रजीत शोधायला गेला की फसतो. मग विद्यार्थी अंदाजाने लिहितो.

येथे मराठी व्याकरणातील व्यंजनसंधीचे प्रकरण उघडावे. उत् अधिक चार म्हणजे उच्चार. सत् अधिक जन म्हणजे सज्जन. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख. पहिल्या पदाच्या शेवटचे व्यंजन पुढच्या व्यंजनात मिसळून त्याच्यासारखे होते आणि अक्षर दुहेरी बनते. आठवी-नववीत प्रत्येक मराठी मुलाने ही उदाहरणे सोडवली आहेत. लॅटिनमध्ये नेमके हेच घडते. ‘इन’ हा नकारार्थी उपसर्ग ‘लीगल’ला लागला की एन जाऊन एल येतो, म्हणून ‘इल्लीगल’मध्ये दोन एल, ‘रेग्युलर’ला लागला की दोन आर, ‘मॅच्युअर’ला लागला की दोन एम. ‘अड’ हा उपसर्ग सीपुढे ‘अक’ होतो, पीपुढे ‘अप’ होतो. ‘अकॉमोडेशन’ची फोड अड, कॉम, मोड अशी, डीचा सी झाला म्हणून दोन सी, आणि ‘कॉम’चा एम ‘मोड’च्या एमला भेटला म्हणून दोन एम. ‘कमिशन’ म्हणजे ‘कॉम’ अधिक ‘मिशन’: दोन एम तेथून, दोन एस मिशनचे स्वतःचे. ‘रेकमेंड’ म्हणजे ‘रे’ अधिक ‘कमेंड’: सी एकच, कारण ‘रे’च्या शेवटी मिसळण्यास व्यंजनच नाही. ‘डिसअपॉइंट’ म्हणजे ‘डिस’ अधिक ‘अपॉइंट’: एस एक, पी दोन. ‘गव्हर्न्मेंट’ म्हणजे ‘गव्हर्न’ अधिक ‘मेंट’: गिळला जाणारा एन हा ‘गव्हर्न’चा हक्काचा आहे.

ज्या विद्यार्थ्याने संधी शिकली आहे त्याला हे समजण्यास एक तास पुरतो. इंग्रजी माध्यमातील मुलाला ही सोय नसते. त्याला उपसर्गाचे रूप का बदलते हे नव्याने समजावून घ्यावे लागते. अमेरिकेत १९२५ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत १९८५ मध्ये बालू नटराजन हा भारतीय वंशाचा मुलगा प्रथम जिंकला. २०१९ मध्ये आठ मुले संयुक्त विजेती ठरली, त्यांपैकी सात भारतीय वंशाची होती. या मुलांचे कौतुक करताना त्यांच्या स्मरणशक्तीचे गोडवे गायले जातात. परंतु तेथील तयारीचा मोठा भाग लॅटिन, ग्रीक, फ्रेंच इत्यादी भाषांतील धातू, उपसर्ग व प्रत्यय ओळखण्याचा असतो. घरच्यांनी त्यापाठी वर्षानुवर्षे तास खर्च केलेले असतात. गुंतवणूक कोठे करावी हे त्यांना कोणीतरी सांगितले, इतकाच या दोन्हीकडच्या मुलांतला भेद.

सर्वच दुहेरी अक्षरे मात्र उपसर्गांनी येत नाहीत. ‘ऑफर’चे ‘ऑफर्ड’ होताना आर एकच राहतो आणि ‘प्रिफर’चे ‘प्रिफर्ड’ होताना दोन होतात. ‘अकर’चे, म्हणजे घडण्याचे, भूतकाळी रूपही दोन आरचे. कारण इतकेच की ‘ऑफर’मध्ये आघात पहिल्या अवयवावर आणि ‘प्रिफर’मध्ये शेवटच्यावर. मराठीत शब्दातील आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून मराठी कान त्याची दखल घेत नाही. आणि वर्गात आघात शिकवला जात नाही, म्हणून हा नियम पुस्तकात असूनही विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही. ब्रिटिश पद्धतीत शेवटी एल असेल तर आघात न पाहताच तो दुहेरी करतात हा अपवादही सोबत सांगावा लागतो.

देवनागरीतून इंग्रजी शब्द मनात साठवण्याच्या सवयीपायी होणाऱ्या चुका निराळ्या. ‘फ’मागे एफ आहे की पी-एच, ‘क’मागे सी, के की सी-एच, हे देवनागरी सांगत नाही. ‘लूज’ लिहिले की सैल आणि गमावणे या दोहोंतला भेद पुसला जातो. ‘कॉलेज’ लिहिताना मध्ये ई ऐवजी ए पडला तर चिकटचित्र असा अर्थ होतो, आणि हे गावोगावच्या पाट्यांवर दिसते. राजकोषीय या अर्थाचा ‘फिस्कल’ आणि शारीरिक या अर्थाचा ‘फिजिकल’ यांची अदलाबदल अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत घडते तेव्हा तुटीचा विषय व्यायामशाळेत जाऊन पोचतो. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या हिवाळ्यात लालभडक दिसतात. त्या मालाच्या इंग्रजी पाटीवर दोन एलनंतर आय आला तर ती मिरची आणि वाय आला तर ती थंडी. अमेरिकेत एकच एल चालतो, हे निर्यातीचा पत्रव्यवहार करणाऱ्याने जाणून असावे.

अशा शब्दांना नियम नसतात. त्यांना जोडीने शिकणे आणि वाक्यात शिकणे हाच मार्ग आहे. त्यासाठी मनातल्या मनात अक्षरशः उच्चार करण्याची जुनी युक्ती अजूनही कामाची आहे. ‘वेन्सडे’ लिहिताना मनात ‘वेड-नेस-डे’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला हसू नये. देवनागरीवर वाढलेल्या मनाला अक्षर वाजवून लक्षात ठेवण्याची सवय असते. ती मोडण्यापेक्षा कामाला लावलेली बरी.

प्रगत विद्यार्थ्याच्या बाबतीत पहिले काम निदानाचे असते. त्याच्या चुका हजार दिसतात, परंतु मोजल्या तर तेच तीस-चाळीस शब्द पुन्हा पुन्हा येत असतात. स्वतःच्या मागील सहा महिन्यांच्या लेखनातून हे शब्द वेचून एका वहीत उतरवावेत. पूर्ण शब्द घोकण्याऐवजी त्यातील जी एक-दोन अक्षरे चुकतात त्यांच्याखाली रेघ ओढावी, कारण उरलेली अक्षरे त्याला येतच असतात. मग शब्द पाहावा, झाकावा, स्मरणाने लिहावा आणि ताडून पाहावा. तोच शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा असाच तपासावा. हर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये विस्मरणाचा जो आलेख मांडला, त्यानंतरच्या संशोधनाने अंतर ठेवून केलेल्या उजळणीचा लाभ वारंवार सिद्ध झाला आहे. एका बैठकीत दहा वेळा लिहिण्यापेक्षा दहा दिवशी एकेकदा लिहिणे श्रेयस्कर.

लेखन आणि तपासणी या दोन क्रिया वेगळ्या ठेवणेही अगत्याचे आहे. विचार मांडत असताना स्पेलिंगकडे लक्ष गेले की वाक्य तुटते. जुन्या वृत्तपत्रांतील मुद्रितशोधक मजकुराच्या अर्थात न गुंतता अक्षरे वाचीत; काही जण ओळ शेवटाकडून वाचीत, म्हणजे अर्थाचा मोह पडत नसे. परीक्षेत शेवटची दहा मिनिटे अशा वाचनासाठी राखून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या निम्म्या चुका त्याच्या त्यालाच सापडतील, कारण त्या अज्ञानाच्या नसून हाताच्या असतात.

भ्रमणध्वनी आणि संगणक यांच्यामुळे या कटकटीतून सुटका झाली असे मानणाऱ्यांची संख्या मोठी आहे. यंत्र चूक सुधारते हे खरे. पण लिहिणाऱ्याला न कळवता सुधारते, म्हणजे शिकण्याची संधीच हिरावून घेते. शिवाय ‘फ्रॉम’च्या जागी ‘फॉर्म’ पडला तर यंत्र बहुधा गप्प बसते, आणि अमेरिकी वळणाचे यंत्र ‘लेबर’मधील यूसुद्धा काढून टाकते. आपोआप बदलण्याची सोय बंद करून केवळ लाल रेघ दाखवण्यापुरते त्याला ठेवले तर ते उत्तम शिक्षक ठरेल. परीक्षा तर अजूनही कागदावरच लिहावी लागते.

शिक्षकांच्या बाजूने पाहिले तर दोष केवळ इंग्रजी विभागाच्या पदरी टाकणे अन्यायाचे होईल. पदवीच्या गच्च भरलेल्या वर्गात अनिवार्य इंग्रजीचे तास आठवड्यातून मोजकेच. तेथे व्यक्तिशः निदान कसे व्हावे? खरी उदासीनता इतर विषयांच्या शिक्षकांची आहे. अर्थशास्त्र, रसायन, भूगोल यांचे अध्यापक ‘हे आमचे काम नव्हे’ म्हणून चुकीखाली लाल रेघ मारतात किंवा तीही मारीत नाहीत. वास्तविक प्रत्येक विषयाची अशी शे-दीडशे इंग्रजी पारिभाषिक पदे असतात आणि त्यांची फोड त्या विषयाचा शिक्षकच उत्तम करू शकतो. ‘सबसिडी’, ‘सरप्लस’, ‘रेव्हेन्यू’, ‘इक्विलिब्रियम’ यांचे धातू सांगितले तर स्पेलिंगबरोबर संकल्पनाही उजळते. सत्राच्या आरंभी विभागाने अशी यादी द्यावी, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे त्यातल्या शब्दांनी बनलेली पाच-सहा वाक्ये श्रुतलेखनासाठी घालावीत, आणि तपासताना सगळी पाने लाल न करता समासात केवळ खूण करून चूक शोधण्याचे काम विद्यार्थ्यावरच सोपवावे. श्रुतलेखन हे प्राथमिक शाळेचे काम समजून महाविद्यालयांनी सोडून दिले आहे. या सर्वाला अनुदान लागत नाही, नवे पद लागत नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परवानगीचीही जरुरी नाही.

काही थोड्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र हे उपाय अपुरे पडतील. अक्षरांचा क्रम ध्यानी न राहणे हा त्यांचा हलगर्जीपणा नसून अध्ययन अक्षमता असते आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिची गणना अपंगत्वात केली आहे. प्रामाणिक सरावानंतरही सुधारणा दिसत नसेल तर रागावण्याऐवजी तपासणीचा सल्ला द्यावा.

एक स्पेलिंग असे आहे की ज्याचा निर्णय कोणत्याच कोशात मिळत नाही. वळवी, वसावे, पाडवी, गावित, पावरा ही या जिल्ह्यातील नित्याची आडनावे. मराठीचा व हा इंग्रजी व्ही आणि डब्ल्यू या दोहोंच्या मधला. त्यामुळे एका भावाच्या दाखल्यावर व्ही पडतो, दुसऱ्याच्या दाखल्यावर डब्ल्यू, आणि ‘पाडवी’च्या मध्ये जादा ए घालावा की नाही हे त्या दिवशी अर्ज भरणाऱ्याच्या मर्जीवर ठरते. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे छापले जाते तेच पुढे सर्वत्र मागितले जाते. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी, शिष्यवृत्तीचे बँक खाते, नोकरीच्या वेळची कागदपत्रांची छाननी, प्रत्येक ठिकाणी ते एक अक्षर आडवे येऊ शकते. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील जाहिरात आणि तालुक्याच्या गावी मजुरी बुडवून घातलेले हेलपाटे. दहावीचा अर्ज भरून घेणाऱ्या शिक्षकाने त्या दिवशी शाळेची नोंदवही, आधारपत्र आणि वडिलांचा जातीचा दाखला शेजारी-शेजारी ठेवून ते अक्षर तिन्हींत एकच आहे ना एवढे पाहून घेतले तर त्याला प्रत्येक विद्यार्थ्यामागे पाच मिनिटे लागतील.